चोर पकडा, पण घरादाराचे खाते का गोठवता?



१९५६ पर्यंत आपल्या बालाघाटची राजधानी नागपूर होती, उच्च न्यायालयही नागपुरातच बसे. राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून दाद मागायची तर जबलपूर आणि अर्ज लिहायचा तर हिंदीत, हे आपण अंगवळणी पाडून घेतले. पण आता नवाच प्रकार सुरू झाला आहे. परसवाड्यातल्या माणसाचे बँक खाते, त्याने कधी न पाहिलेल्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून गोठू शकते, आणि त्याला हे कळते थेट बँकेच्या खिडकीवर! यावर आपण गप्प बसायचे का?

समजा, परसवाड्याच्या बाजारात आपल्यापैकी एकाचे किराणा दुकान आहे. एक अनोळखी गिऱ्हाईक १,८०० रुपयांचा माल घेते, मोबाईलवरून पैसे टाकते आणि निघून जाते. ते पैसे मुळात दूरच्या शहरात कुणाला तरी फसवून काढलेले असतात. फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. मग पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कसे गेले याचा माग बँका काढतात, आणि वाटेत लागणाऱ्या खात्यांना कुलूप बसते. आपल्या दुकानदाराच्या त्याच खात्यात धान खरेदीचे पैसे आलेले असतात, मुलीच्या कॉलेजची फी ठेवलेली असते. १,८०० रुपयांपायी सगळेच अडकते. मॅनेजर म्हणतो, "वरून आदेश आहे, पोलिसांना विचारा." पोलिस म्हणतात, "कागद घेऊन इकडे या." म्हणजे १,८०० रुपयांसाठी दुकान बंद ठेवून परमुलुखात हेलपाटे! यालाच म्हणतात चोर सोडून संन्याशाला सुळी.

ही नुसती कल्पना आहे असे म्हणून सोडून देऊ नका. दिल्लीत छोले-भटुरे विकून पोट भरणाऱ्या एका माणसाचे संपूर्ण खाते गोठले होते. वादातली रक्कम किती? फक्त १०५ रुपये! त्यासाठी त्याला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने १०५ रुपये राखून ठेवून बाकीचे खाते चालू करायला सांगितले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अनेक खातेदारांच्या याचिकांवर हेच सांगितले होते की, अडवायचीच असेल तर वादातली तेवढी रक्कम अडवा. जे न्यायालयाला दिसते ते बँकेला आणि पोलिसांना आधी का दिसत नाही? १०५ रुपयांसाठी उच्च न्यायालयाचा वकील लावण्याची ऐपत परसवाड्यात किती जणांची आहे?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. बँक खाते ही जप्त करता येणारी 'मालमत्ता' आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी' या खटल्यात दिला. तो खटला भ्रष्टाचाराचा होता, आणि प्रश्न आरोपीच्या व त्याच्या नातलगांच्या खात्यांचा होता. शिवाय त्या पैशाचा गुन्ह्याशी थेट संबंध असला पाहिजे, असेही न्यायालयाने म्हटले. आरोपीच्या खात्यासाठी दिलेले हे हत्यार आज तेल-साखर विकणाऱ्या दुकानदारावर चालते आहे! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्येही, जप्ती केली की पोलिसांनी ती दंडाधिकाऱ्यांना तातडीने कळवावी, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि ज्याची चूल बंद पडते त्याला कोण कळवणार? घटनेचे कलम ३००-अ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो हक्क परसवाड्यापर्यंत पोचायला नको का?

कुणी म्हणेल, फसलेल्या माणसाचे काय? खरे आहे. म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी एका फोनवर जाते, आणि पहिल्या काही तासांत पैसा अडवला नाही तर तो हाती लागत नाही. म्हणून १९३० ची व्यवस्था हवीच. आमचा विरोध अडवण्याला नाही. आंधळेपणाने अडवण्याला आणि अडवून विसरून जाण्याला आहे.

आपल्या घरातही एकदा डोकावून पाहू या. चार-पाच हजारांच्या लोभाने आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला देणारी पोरे आपल्याही समाजात निघू शकतात. असे खाते म्हणजे चोराला दिलेली घराची किल्ली! तिथे "मला माहीत नव्हते" हे चालणार नाही, आणि मंडळानेही अशांची रदबदली करू नये. वडीलधाऱ्यांनी हे मुलांना आजच बजावून सांगावे.

ज्याचा दोष नाही त्याने मात्र घाबरू नये. बँकेकडून लेखी मागा: कोणत्या तक्रारीवरून, कोणत्या पोलिस ठाण्याच्या सांगण्यावरून आणि किती रकमेसाठी खाते अडवले? तेवढीच रक्कम रोखून बाकी खाते सुरू करा, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. बिल, मालाची नोंद, धान विक्रीची पावती जोडून तपास अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने उत्तर पाठवा. त्याने काम झाले नाही तर संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आहे, आणि शेवटी उच्च न्यायालय. "सुटका करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नका.

पण एकेकट्याने किती लढायचे? म्हणून मंडळाने या मागण्या उचलाव्यात. वादातल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त अडवू नये. खाते अडवले त्याच दिवशी खातेदाराला कारण आणि तपास अधिकाऱ्याचे नाव लेखी मिळावे. परराज्यातल्या पोलिसांना जबाब हवा असेल तर तो इथल्याच ठाण्यात घ्यावा. दुकानदार दुकानदार आहे की नाही हे परसवाड्याचा शिपाई अर्ध्या तासात सांगेल! आणि ठरलेल्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर खाते आपोआप मोकळे व्हावे.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. ज्यांची खाती अडकली आहेत त्यांनी आपापले कागद घेऊन एकत्र जाऊ या. आमदार आणि खासदार मते मागायला आपल्या दारी येतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे लेखी ठेवू या आणि उत्तरही लेखीच मागू या. सरकारनेच सांगितले, खाते उघडा. धानाचे पैसे, योजनांचे पैसे खात्यातच येतील. आपण ऐकले आणि घरातला गल्ला बँकेत नेऊन ठेवला. आता त्या गल्ल्याला विनाकारण कुलूप लागत असेल, तर ते काढून देण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे.