टाळूवरचं लोणी

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी, आणि ज्यांचे आईवडील, काका-मावश्या इथे आहेत अशा सगळ्यांसाठी



मरणाचा विषय घरात काढला की कुणीतरी 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प करतंच. दिवेलागणीला नको, सणावाराला नको, दादांच्या पंच्याहत्तरीला तर नकोच नको. आपल्या या गप्प बसण्यावर इथे एक अख्खा धंदा पोसला गेला. मार्च २०२२ मध्ये वेकफिल्डची 'सेफ हँड्स' ही कंपनी बुडाली. स्वतःच्या अंत्यसंस्काराचे पैसे जिवंतपणीच भरून ठेवलेले सुमारे ४६,००० लोक तिच्यासोबत बुडाले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. इथे तर माणूस मरायचीही वाट पाहिली नाही.

भारतातल्या नातेवाइकांना हा प्रकारच कळत नाही. मेल्यानंतरचे पैसे आधी कशाला भरायचे? त्यांचंही बरोबर आहे. मुंबईत महापालिका सरणाचं लाकूड मोफत देते, शेजारीपाजारी तिरडी बांधतात आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपतं. इथे देह फ्युनरल डिरेक्टरच्या शीतगृहात जातो. क्रेमेटोरियमची वेळ मिळायला आठवडा लागतो, कधी दोन, कधी तीन. बिल चार हजार पौंडांच्या आसपास. त्यात आपल्याला देहाला स्वतः स्नान घालायचं असतं, नवी साडी नेसवायची असते, मुखात तुळशीपत्र ठेवायचं असतं, शवपेटी शेवटची घरी आणून दारात थांबवायची असते. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला वेळ जातो आणि फ्युनरल डिरेक्टरच्या हिशेबात वेळेला पैसे पडतात. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेल्या, इस्पितळांत रात्रपाळ्या करून घर उभं केलेल्या पिढीला वाटलं, हे पोरांच्या गळ्यात नको. तीन-चार हजार पौंड आत्ताच भरून टाकू. काही जणांनी पेन्शनमधून हप्ते बांधून घेतले.

विकायला येणारा माणूस तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा, चहा घ्यायचा, गुळगुळीत माहितीपत्रक उघडायचा. शवपेटीचं लाकूड कोणतं, गाडी कशी, मागून नातेवाइकांची मोटार हवी का, खुणा करा. 'आज किंमत गोठवा, उद्या महागाई वाढली तरी तुम्हाला झळ नाही.' हे तो तीनदा सांगायचा. क्रेमेटोरियमची फी, डॉक्टरांचे दाखले, पूजा सांगणारे गुरुजी हे 'तिसऱ्या पक्षाचे खर्च' असून त्यांच्यासाठी फक्त 'हातभार' मिळेल, हे मात्र मागच्या पानावर बारीक टायपात असायचं. (डॉक्टरांच्या दाखल्याची ती फी इंग्लंड-वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ पासून बंदच झाली, एवढी एक गोष्ट सरकारने बरी केली.) या माणसाला मिळणारं कमिशन तुम्ही भरलेल्या पैशांतूनच जात होतं. ते किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही.

आता कायद्याकडे या, कारण आमचं खरं भांडण तिथे आहे. चोर चोरी करणारच. आम्हाला राग आहे तो दार उघडं ठेवून झोपलेल्या पहारेकऱ्याचा.

अशा योजना विकणं हे २००२ पासून कायद्याने नियमनाखाली आलं होतं. पण त्यात एक पळवाट ठेवली होती. पैसे ट्रस्टमध्ये किंवा विम्यात ठेवले की कंपनीला सूट, मग तिला नियामकाची परवानगी नको. ट्रस्टच्या अटी वाचल्या तर माणूस खूश होईल. निम्म्याहून जास्त विश्वस्त कंपनीशी संबंध नसलेले हवेत, हिशेब तपासलेले हवेत, निदान तीन वर्षांतून एकदा अ‍ॅक्च्युअरीने मूल्यांकन करायला हवं. पण अटी पाळणारा नियमनाच्या बाहेर, म्हणजे तो खरोखर अटी पाळतोय का हे रोज बघणारं कुणीच नाही! वीस वर्षं ही गंमत चालली. 'ट्रस्ट' हा शब्द माहितीपत्रकावर ठळक छापला जात होता आणि आपली साधी माणसं तो बँकेच्या लॉकरसारखा समजून निश्चिंत होती.

धोका अर्थखात्याला ठाऊक नव्हता असंही नाही. जून २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच या धंद्याबद्दल पुरावे मागवले होते. जबरदस्तीने गळी उतरवलेल्या विक्रीच्या तक्रारी तेव्हाच समोर होत्या. ही पळवाट बंद करणारा कायदा आला जानेवारी २०२१ मध्ये, आणि तो लागू व्हायची तारीख ठरली २९ जुलै २०२२. चार वर्षं! एवढा काळ दुकानं उघडीच होती. २०२१ मध्ये नवी योजना घेणाऱ्या आजोबांना कुणी सांगितलं का, की ही कंपनी पुढच्या वर्षी परवान्याच्या परीक्षेला बसणार आहे आणि नापास झाली तर तुमचं काय ते तुम्ही बघा? सेफ हँड्सने फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामकाकडे परवान्यासाठी अर्ज केला, मग मागे घेतला आणि नवे नियम लागू व्हायला चार महिने असताना दिवाळं काढलं.

ग्राहक भरपाईसाठी गेले. वित्तीय भरपाई योजनेने सांगितलं, आमचं संरक्षण २९ जुलै २०२२ पासून. तुमची कंपनी त्याआधी गेली. 'डिग्निटी' या मोठ्या कंपनीने काही महिने सेफ हँड्सच्या मयत ग्राहकांचे अंत्यसंस्कार केले. तेवढ्या काळात जे गेले त्यांचं निभावलं. जे जगले ते अडकले. यापेक्षा क्रूर विनोद आम्हाला तरी ठाऊक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीरियस फ्रॉड ऑफिसने चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. जरूर करा, दोषी असतील त्यांना गजाआड घाला. पण त्याने ब्याऐंशी वर्षांच्या एखाद्या बाईंचे पैसे परत येत नाहीत, आणि त्यांना वाट पाहायला वेळही नाही.

सरकार म्हणतं, खाजगी कंपनी बुडाली, आम्ही काय करणार. मग 'लंडन कॅपिटल अँड फायनान्स'चं काय केलंत? ती कंपनी जानेवारी २०१९ मध्ये बुडाली. ८ टक्क्यांपर्यंत व्याजाचं आमिष दाखवून तिने रोखे विकले होते. त्या लोकांसाठी संसदेने २०२१ मध्ये खास कायदा केला आणि मुद्दलाच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ६८,००० पौंड, करदात्यांच्या तिजोरीतून दिले. दिले ते योग्यच, त्यांच्यातही म्हातारीकोतारी होती. कारण असं सांगितलं गेलं की ती कंपनी नियामकाच्या देखरेखीखाली होती आणि देखरेख कमी पडली. म्हणजे पहारेकरी डुलकी काढताना सापडला तर भरपाई, आणि पहारेकरी नेमलाच नाही तर काही नाही. हा न्याय आम्ही मानत नाही. १९८९ मध्ये बुडालेल्या 'बार्लो क्लोज' कंपनीच्या गुंतवणूकदारांना आणि २०१० नंतर 'इक्विटेबल लाइफ' या विमा कंपनीच्या पॉलिसीधारकांना याच तिजोरीने पैसे दिले. तेव्हा 'आजवर असं केलं नाही' हे उत्तर कुणी देऊ नये.

एक टोमणा आपल्याच लोकांचा, मंडळाच्या जेवणावळीत ऐकू येणारा: एवढे हिशेबी लोक, फसले कसे? लोभ नडला. लोभ कसला हो? यात व्याज नव्हतं, नफा नव्हता, दुप्पट-तिप्पट नव्हतं. आपल्यामागे मुलाने कर्ज काढू नये, सुनेने तोंड वेंगाडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. याला लोभ म्हणणाऱ्यांनी जरा जिभेला हाड असू द्यावं.

आज ज्यांच्या कपाटात अशी कागदपत्रं आहेत त्यांनी ती आजच काढा. पैशांचा काही भाग जरी क्रेडिट कार्डने भरला असेल तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे दावा मांडता येतो, योजनेची किंमत १०० ते ३०,००० पौंडांमध्ये असली की झालं. नवी योजना घ्यायचीच असेल तर कंपनीचं नाव नियामकाच्या नोंदवहीत स्वतः बघा. न मागता फोन करून योजना विकायला आता कायद्याने बंदी आहे, असा फोन आला तर तो तिथेच ठेवा. आणि घरचं बँक खातं गोठेल, मुलांना पैसे मिळणार नाहीत, ही भीती कुणी घालत असेल तर त्याला हाकला. फ्युनरल डिरेक्टरचं बिल आणि मृत्यूचा दाखला दाखवला की इथल्या बँका साधारणपणे मयताच्या खात्यातून ते बिल थेट चुकतं करतात. म्हणजे वेगळ्या खात्यात पैसे ठेवणं आणि मुलांना ते सांगून ठेवणं, एवढ्यानेही अनेकांचं काम भागलं असतं. हे इतकं साधं त्या विक्रेत्याने सांगितलं असतं तर त्याचं कमिशन गेलं असतं.

आमची मागणी एक आहे. जुलै २०२२ पूर्वी बुडालेल्या योजनांच्या ग्राहकांना लंडन कॅपिटलच्या धर्तीवर ८० टक्के भरपाई द्या, आणि सत्तरीपुढच्यांचे दावे आधी निकाली काढा.

त्यासाठी प्रत्येक घरातून खासदाराला एक पत्र जायला हवं. नाव ठाऊक नसेल तर संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की मिळतं. आईवडिलांना इंग्रजीत लिहायचा संकोच असेल तर त्यांच्या शेजारी बसून लिहा, सही त्यांची घ्या. कंपनीचं नाव, भरलेली रक्कम, भरल्याचं वर्ष एवढं पुरे. करारपत्राची प्रत जोडा, मूळ प्रत हातची सोडू नका.

आपले,
काही मराठी करदाते