शिक्रापूरच्या ट्रान्सफॉर्मरचं दुखणं लेझरला कसं कळतं? आणि गावातल्या डीपीला त्याचा उपयोग का नाही?

शिरूर किंवा दौंड तालुक्यात राहत असाल, तर 'डीपी जळाला' हे वाक्य दर उन्हाळ्यात कानावर येतं. दोन-चार वस्त्या अंधारात, मोटारी बंद, ऊस पाण्याविना. पण याच शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ पॉवरग्रिडचं ७६५/४०० केव्हीचं सबस्टेशन आहे. एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर नवा बनवून घ्यायला कित्येक महिने लागतात. म्हणून बिघाड आधीच कळणं महत्त्वाचं.

तो कळतो तेलातून. ट्रान्सफॉर्मरच्या आतली कॉइल तेलात बुडालेली असते. आत कुठे जास्त तापलं किंवा ठिणगी पडली की तेलाचे रेणू तुटतात आणि तयार झालेले गॅस तेलातच विरघळतात. इथिलीन वाढला तर तेल खूप तापतंय. कार्बन मोनॉक्साईड वाढला तर संशय कॉइलभोवतीच्या कागदावर. सगळ्यात जास्त धास्ती ॲसिटिलीनची, हो, तोच वेल्डिंगवाला गॅस. तो बनायला साधारण ७०० अंशांपेक्षा जास्त तापमान लागतं. म्हणजे आत आर्किंग चालू असण्याची शक्यता मोठी. म्हणून दहा लाख भागांत त्याचे मोजके भाग सापडले तरी इंजिनिअर सावध होतात.

जुनी पद्धत म्हणजे सिरिंजमध्ये तेल काढून लॅबला पाठवायचं, रक्ततपासणीसारखं. पण दोन नमुन्यांमध्ये महिने जाऊ शकतात, आणि आर्किंग तारीख बघून होत नाही.

लेझरचं काम इथे सुरू होतं. ट्रान्सफॉर्मरलाच जोडलेलं यंत्र तेलातून गॅस वेगळा करतं आणि त्यातून लेझर सोडतं. प्रत्येक गॅस ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. ॲसिटिलीनसाठी ती सुमारे १५३० नॅनोमीटर वापरतात. जेवढा प्रकाश कमी झाला, तेवढा गॅस जास्त. हे मोजमाप दिवसातून अनेकदा होऊ शकतं. हायड्रोजन मात्र असा पकडता येत नाही, त्याला वेगळा सेन्सर लागतो.

शिक्रापूरचं सबस्टेशन जीआयएस प्रकारचं आहे, म्हणजे तिथली स्विचगिअर एसएफ६ गॅस भरलेल्या बंद नळ्यांमध्ये असते. हा गॅस दिसत नाही, शुद्ध असेल तर वासही नाही, आणि १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २४ हजार पट उष्णता अडवतो. योगायोग असा की कार्बन डायऑक्साईड लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश तो जोरात शोषतो. त्यामुळे खास कॅमेऱ्यात त्याची गळती धुरासारखी दिसते.

मग गावातल्या डीपीला हे का नको? कारण असं यंत्र डीपीपेक्षा महाग पडेल. शिवाय डीपीचं दुखणं बहुतेकदा उघड असतं: क्षमतेपेक्षा जास्त मोटारी. नाहीतर चोर. डीपी फोडून तांब्याची तार आणि तेल नेल्याच्या बातम्या शिरूर-दौंडमधून सतत येतात. तिथे तपासायला तेलच उरत नाही.