बोंडाला दर आठवड्याची नजर, पोराला वर्षातून एकदा!



कपाशीवर बोंडअळी आली का, हे आपण वर्षातून एकदा बघतो का? दर आठवड्याला फेरी मारतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीला लागतो. मग बोंडाला जी नजर, ती शाळेतल्या पोराला का नाही?

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. जन्मतः हृदयाला छिद्र असलेली पोरे यात सापडतात, शस्त्रक्रिया फुकट होते. हे काम मोलाचेच. पण गाडी येते त्या दिवशी पोर कापूस वेचायला किंवा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेले असले, की त्याची पाळी पुढच्या वर्षावर. पोटदुखी, खरूज, कानातला पू हे काही गाडीची तारीख बघून येत नाहीत. एरवी दवाखाना गाठायचा तर आईचा रोज बुडतो, वर एस.टी.चे तिकीट. म्हणून आपण म्हणतो, ‘बघू दोन दिवस.’ ते दोन दिवस पोराच्या अंगावर निघतात.

किल्लारीला हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून गाव झोपले असताना, भूकंपाने घरे जमीनदोस्त झाली. बाहेरून डॉक्टर धावून आले, ते उपकार विसरणार नाही. पण मदतीचा तंबू एक दिवस उठतोच. रोज लागते ते गावातच उभे करावे लागते.

1970 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या शाळेत लहान पोरांना, मोठ्यांना न विचारता, परिचारिकेकडे जायची मुभा दिली होती. पोरांनी आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगितले. उपाय ठरवतानाही त्यांना विचारले गेले. आपले पोर गुरुजींना भिते, आईला कामात बघून गप्प बसते. पोरींचे तर विचारूच नका.

म्हणून आपली मागणी:

1. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत आठवड्याचा एक ठरलेला दिवस परिचारिकेने दोन तास बसावे. पोराला एकट्याने जाता यावे.

2. पथकाची तारीख आठ दिवस आधी गावाला कळावी. राहिलेल्या पोरांसाठी दुसरी फेरी व्हावी.

3. चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नये. लातूर-नांदेडला न्यायची सोय सरकारने करावी.

सरकार म्हणेल, माणसे नाहीत. लसीकरणाला परिचारिका गावात येतेच, आशाताई तर गावातच राहते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. खाट, वजनकाटा त्यातून आणा. ग्रामसभेत उठून हिशेब मागा.

आता थोडे आपल्या घरचे. वेचणीला मजूर परवडत नाही, कारण मालाला भाव नाही, हे खरे. त्यासाठी आपली लढाई चालूच आहे. पण भावाची तूट पोराच्या शाळेतून आणि तब्येतीतून भरून काढू नका.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ग्रामसभेचा ठराव घेऊन या. रिकाम्या हाताने येऊ नका.