गुरुजी वर्गात हवेत!

जिल्हा परिषदेच्या शाळांचा विषय निघाला की आपण चटकन म्हणतो, "तिथल्या शिक्षकांनाच काही येत नाही." मागे आमच्या वर्गातही असाच वाद झाला. मी गप्प बसले. ते गप्प बसणे मनाला टोचत राहिले, म्हणून हे चार शब्द.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई-वडील ऊसतोडीला जात. मी आजीजवळ राहून वस्तीवरच्या शाळेत शिकले. इयत्ता चार, शिक्षक दोन. मोठ्या गुरुजींनी चिंचोके मांडून मला हातच्याची वजाबाकी शिकवली, ती आजही विसरलेली नाही. परंतु हेच गुरुजी आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत नसत. कधी मतदारयाद्या, कधी बैठक, कधी खिचडीचा हिशेब. त्या दिवशी चारही इयत्ता दुसऱ्या गुरुजींपुढे. चौथी संपली तरी आमच्यातील निम्म्या मुलांना भागाकार येत नव्हता. आता यात 'काही न येणारे' कोण?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. जनगणना, निवडणूक व आपत्तीनिवारण यांखेरीज अन्य कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे तो सांगतो. पण कागद मागणारे हात थांबलेले नाहीत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. परीक्षेला माझा विरोध नाही. गरिबाच्या मुलालाही जाणता शिक्षक हवा. मात्र एका खोलीत चार इयत्ता कशा सांभाळाव्यात, हे परीक्षा शिकवीत नाही. त्यासाठी अनुभवी माणसाने नव्या शिक्षकाच्या वर्गात बसावे, स्वतः पाठ घेऊन दाखवावा. केंद्रप्रमुखांचे खरे काम हेच. त्यांना माहितीचे तक्ते भरण्यातून मोकळे करा.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती, की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांचा पगार वाढवावा. पोरांच्या घरची अडचण जाणणारा गुरुजी त्यांना हवा होता. आज 'अवघड क्षेत्रा'त तीन वर्षे काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो. 'काढली' हाच शब्द सगळे वापरतात, जणू शिक्षाच! तिथे राहणाऱ्याला घर आणि जादा भत्ता मिळाला, तर थांबणारेही निघतील.

मैत्रिणी विचारतात, "तू मास्तरीण होऊन वस्तीवर जाशील का?" खरे सांगते, पूर्वी मी नाहीच म्हटले असते. आज म्हणते, जाईन. पण मला वर्गात शिकवू द्या. एवढी अट फार मोठी आहे का?