साथीच्या काळातील सौप्तिकपर्व

१३ मार्च २०२० ची पहाट. कोरोनाच्या साथीमुळे चेक प्रजासत्ताकाने देशभर आणीबाणी जाहीर केली, त्याला एक दिवसही पुरता उलटला नव्हता. ब्रनो येथील विद्यापीठ रुग्णालयात ध्वनिक्षेपकावरून एकच सूचना पुनःपुन्हा ऐकू येऊ लागली : सर्वांनी आपापले संगणक तत्काळ बंद करावेत. कोणा अज्ञाताने रुग्णालयाच्या संगणकजालात शिरकाव केला होता. शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तातडीचे रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. कोरोनाच्या चाचण्या करणाऱ्या त्या देशातील मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक याच रुग्णालयात होती. संपूर्ण जग एका विषाणूशी झुंजत असताना, ज्या हातांनी त्या झुंजीत औषध द्यायचे तेच हात कोणीतरी दुरून बांधून टाकले होते.

महाभारतात भीष्मपर्वाच्या आरंभी, युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी, कौरव आणि पांडव युद्धाचे नियम ठरवितात. सारथी, ओझी वाहणारी जनावरे, शस्त्रे पुरविणारे आणि भेरी-शंख वाजविणारे यांच्यावर प्रहार करायचा नाही, असे ठरते. पुढल्या अठरा दिवसांत अनेक नियम मोडले गेले आणि ते दोन्ही पक्षांकडून मोडले गेले. तथापि, नियम आधी ठरला होता म्हणूनच अधर्म कोणता हे सर्वांना कळत होते. सर्वांत काळी रात्र आली ती सौप्तिकपर्वात. कृपाचार्यांनी परोपरीने समजावूनही अश्वत्थाम्याने झोपलेल्या शिबिरावर घाला घातला. भारतीय परंपरेने त्या कृत्याला कधीही पराक्रम म्हटले नाही. साथीच्या ऐन भरात रुग्णालयाच्या संगणकावर घातलेला घाला हा आजच्या युगातील सौप्तिक घाला आहे. प्रश्न एवढाच, की त्याला अधर्म ठरविणारा नियम आज जगात आहे काय, आणि असल्यास त्यावर कोणाचा विश्वास आहे काय?

चोर आणि त्यांचे आश्रयदाते

ब्रनोची घटना एकटी नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठ रुग्णालयाची संगणकप्रणाली खंडणीखोरांनी कुलूपबंद केली. त्यांचा रोख वस्तुतः विद्यापीठावर होता. सापडले ते रुग्णालय, हे पोलिसांनी कळविल्यावर त्यांनी किल्ली परत केली. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या संपूर्ण सरकारी आरोग्यसेवेवर असाच प्रसंग ओढवला. मार्च महिन्यात एका कर्मचाऱ्याने ई-मेलसोबत आलेली एक फाईल उघडली आणि आठ आठवडे चोर घरात दबा धरून बसला. देशभरातील रुग्णालये कागद-पेन्सिलीवर आली, कर्करुग्णांचे किरणोपचार थांबले. आयर्लंड सरकारने खंडणी देण्यास ठाम नकार दिला. सहाव्या दिवशी टोळीने किल्ली विनामूल्य दिली, तरीही घडी पूर्ववत बसण्यास चार महिने लागले.

या टोळ्यांना वाल्याचा वाल्मीकी झाल्याचे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये काही टोळ्यांनी 'आम्ही रुग्णालयांना हात लावणार नाही' असे जाहीर केले होते. ते वचन फार दिवस टिकले नाही. ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेच्या तपासयंत्रणांना तेथील रुग्णालयांवर खंडणीखोरांचे संकट घोंघावत असल्याचा इशारा द्यावा लागला.

तथापि चोरांपेक्षा अधिक चिंतेचा विषय आहे तो राष्ट्रांचा. जुलै २०२० मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी संयुक्तपणे आरोप केला की, रशियन गुप्तचर यंत्रणेशी निगडित गट लसीचे संशोधन चोरण्याचा प्रयत्न करीत आहे. रशियाने तो फेटाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने रशिया आणि उत्तर कोरियातील गटांनी ज्या देशांतील लस व औषध संशोधकांना लक्ष्य केले त्यांची यादी दिली. तीत भारतही होता. मार्च २०२१ मध्ये एका सायबर सुरक्षा कंपनीने चिनी गटाचा डोळा सीरम इन्स्टिट्यूट आणि भारत बायोटेक यांच्या प्रणालींवर असल्याचे सांगितले. पुण्यात आणि हैदराबादेत तयार होणारी लस ज्या काळात अनेक देशांच्या आशेचा आधार होती, त्या काळातील ही गोष्ट आहे. लसीचे सूत्र चोरण्यापेक्षाही उत्पादनाची प्रणाली बिघडविणे किती भयंकर ठरले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

तोफ डागली तर ती कोठून आली हे कळते. संगणकावरील हल्ला एका देशातून निघतो, दुसऱ्या देशातील यंत्रांतून फिरतो आणि तिसऱ्या देशात फुटतो. त्यामुळे आरोप करणाऱ्याला पुरावा देणे कठीण जाते आणि आरोपीला हात झटकणे सोपे जाते. आपल्या भूमीवर टोळ्यांना सुखाने नांदू द्यायचे आणि 'आमचा त्यांच्याशी संबंध नाही' असे म्हणायचे, हा खेळ भारताला नवा नाही. दहशतवादाच्या संदर्भात भारताने तो अनेक दशके सोसला आहे.

साथ आणि सत्य

साथीच्या काळातील विश्वासाला आणखी एक बाजू आहे : माहिती देण्याची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा प्रथम त्यावरच शंका घेतली गेली. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर आणि मालावर परकीय बंदरांत निर्बंध आले. १८९७ मध्ये व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली ती याच प्लेगच्या भीतीने. साथ लपवावी तर रोग पसरतो आणि सांगावी तर व्यापार बुडतो, हा पेच तेव्हापासून जगापुढे उभा आहे.

तो सोडविण्यासाठी झालेली सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम. २००२-०३ मधील सार्सच्या वेळी चीनने केलेल्या लपवाछपवीने त्यांची निकड जगाला पटविली. गंभीर साथीची चाहूल लागल्यास मूल्यमापनानंतर चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळविणे या नियमांनी बंधनकारक केले. पण वुहानमध्ये काय घडले? सहकाऱ्यांना सावध करणारे डॉ. ली वेनलियांग यांना जानेवारी २०२० च्या आरंभी पोलिसांनी तंबी दिली आणि फेब्रुवारीत त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. ज्या शास्त्रज्ञाच्या चमूने ११ जानेवारी रोजी विषाणूची जनुकीय संरचना इंटरनेटवर जगाला खुली केली, त्याची शांघायमधील प्रयोगशाळा दुसऱ्याच दिवशी 'सुधारणेसाठी' बंद करण्यात आली. जगभरच्या लसींचा पाया ज्या माहितीवर रचला गेला, ती देणाऱ्याला त्याच्याच देशाने असे बक्षीस दिले.

मात्र दोष एकट्या चीनच्या पदरी टाकून पाश्चात्त्यांना मोकळे सोडता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन या नव्या अवताराची माहिती तत्परतेने जगासमोर ठेवली. प्रामाणिकपणाचे फळ म्हणून काही तासांतच श्रीमंत देशांनी त्या भूप्रदेशातील विमाने बंद केली. खोटे बोलणाऱ्यावर नियम चालत नाही आणि खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते, असे दृश्य दिसत राहिले तर पुढच्या साथीत कोणता देश पहिल्या दिवशी तोंड उघडेल?

कागदावरचा विश्वास

संयुक्त राष्ट्रसंघात या विषयावर काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये तज्ज्ञ गटाने राष्ट्रांच्या सायबर वर्तनाचे अकरा संकेत सुचविले. आपली भूमी अशा दुष्कृत्यांसाठी जाणूनबुजून वापरू देऊ नये, जनतेला सेवा देणाऱ्या महत्त्वाच्या यंत्रणांवर हल्ला करू नये, दुसऱ्या देशाच्या आपत्कालीन संगणक पथकाला इजा पोचवू नये, हे त्यांपैकी काही. २०२१ च्या अहवालाने, कोरोनाचा अनुभव ध्यानी घेऊन, आरोग्यसेवेचा या महत्त्वाच्या यंत्रणांत स्पष्ट उल्लेख केला. त्या पंचवीस देशांच्या गटात भारत होता, तसेच चीन, रशिया आणि अमेरिकाही होते. संकटसमयी कोणी कोणाला दूरध्वनी करायचा, याची संपर्क निर्देशिकाही २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. भारताने सहकार्यासाठी एका जागतिक पोर्टलचा प्रस्ताव मांडला.

हे सर्व स्वागतार्ह आहे. पण हे संकेत ऐच्छिक आहेत, त्यांचा भंग करणाऱ्याला प्रायश्चित्त नाही. भीष्मपर्वातील नियमांनाही दंडसंहिता नव्हती, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण तेथे लोकलज्जा होती. आज ज्याची चोरी उघड होते तो देश दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात सायबर शांततेवर भाषण करतो आणि सभागृह टाळ्या वाजविते.

आधी स्वतःचे घर

भारताची या बाबतीत वाणी ऐकली जावी अशी इच्छा असेल, तर काही कटू गोष्टी आधी स्वतःलाच सांगाव्या लागतील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'ची प्रणाली अशाच हल्ल्याने ठप्प झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या रुग्णांच्या रांगा वाढल्या, नोंदी हाताने लिहिण्याची वेळ आली. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि संगणकजालाची योग्य विभागणी नसल्याने हे घडू शकले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. या हल्ल्यामागे चिनी हात असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. असेलही. पण घराला आतून दरवाजेच नसतील, तर एका खिडकीतून आलेला चोर सगळे घर फिरणार, याचा दोष चोराच्या देशाला देऊन भागत नाही.

दुसरे उदाहरण 'कोविन'चे. कोट्यवधींचे लसीकरण ज्या प्रणालीने सुसूत्रपणे पार पाडले, ती ५ जुलै २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी साऱ्या जगाला खुली करण्याची तयारी दर्शविली. वसुधैव कुटुंबकम् या वचनाला साजेशीच ती भूमिका होती. मात्र जून २०२३ मध्ये लस घेतलेल्यांची व्यक्तिगत माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याचे प्रकरण गाजले. कोविनमध्ये थेट शिरकाव झाला नसल्याचे सरकारने स्पष्ट केले. तरीही सामान्य माणसाच्या मनात जो चरा पडतो तो खुलाशाने सहजी बुजत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचली, तरच त्याला अर्थ आहे.

भारताने मग करावे काय? पहिले, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाची संगणकसुरक्षा अग्निसुरक्षेइतकीच सक्तीची करावी. विजेवाचून रुग्णालय कसे चालवायचे याची तयारी असते, तशीच संगणकावाचून चालविण्याचीही नियमित तालीम व्हावी. दुसरे, साथ जाहीर असताना रुग्णालये, लस उत्पादक आणि प्रयोगशाळा यांवर घाला घालणार नाही आणि घालणाऱ्याला थारा देणार नाही, अशी बंधनकारक प्रतिज्ञा भारताने प्रथम मित्रराष्ट्रांशी करावी व मग तिचे वर्तुळ वाढवीत न्यावे. तिसरे, साथीची माहिती वेळेवर देणाऱ्या देशाला शिक्षा नव्हे तर मदत मिळेल, याची हमी देणाऱ्यांत भारताने अग्रभागी असावे.

विश्वास कसा तुटतो आणि कसा जुळतो, हे महाराष्ट्राला नव्याने शिकण्याची आवश्यकता नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी रँडचे सोजीर घराघरांत घुसले. साथ खरी होती, पण तो कारभार परक्यांचा आणि अपमानाचा होता. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत कशात झाली, हे सर्वज्ञात आहे. १२३ वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, स्वयंसेवक वस्त्यावस्त्यांत तपासणीला गेले तेव्हा दारे उघडली गेली. कारण दार ठोठावणारे वस्तीला परके नव्हते आणि तपासणीनंतर शिधा घेऊन तेच पुन्हा येणार होते. राष्ट्रांचेही यापेक्षा निराळे नसते. संकटात जो खरे बोलला आणि मदतीला आला, त्याच्यासाठी पुढच्या संकटात दार उघडते.

आणि सौप्तिकपर्वातील एक गोष्ट विसरता कामा नये. अश्वत्थाम्याचे कृत्य निंद्यच होते, पण त्या रात्री विजयी शिबिर निर्धास्त झोपले होते. धर्माचा नियम जगापुढे ठामपणे मांडावा आणि त्याच वेळी आपल्या शिबिरावर पहाराही ठेवावा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा विषाणूबरोबर अश्वत्थामाही येईल, एवढे मात्र गृहीत धरलेले बरे.