घरच्या घरी : वाईनचा जोर किती?

मंडळी, सप्टेंबर लागला की ॲन आर्बरकरांची सायडर मिलची वारी सुरू होते. डेक्स्टरची मिल तर १८८६ पासूनची! डोनटबरोबर पिऊन उरलेला गॅलनभर रस यीस्ट घालून मुरत ठेवणारी हौशी घरे आपल्यातही आहेत. (रस प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला हवा, नाहीतर यीस्ट ढिम्म हलत नाही.) कायद्याची आडकाठी नाही. घरगुती वाईनला आधीपासून मुभा होती, बिअरला १९७८ साली कार्टरसाहेबांच्या सहीने मिळाली. वर्षाला एका प्रौढाच्या घरी १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. इतकी पिणार कोण, हा प्रश्न वेगळा! विकायची मात्र नाही, आणि भट्टी लावून दारू गाळायची तर मुळीच नाही.

पंचाईत होते ती वाढताना. "घरचीच आहे हो, सरबतासारखी," म्हणून आग्रह होतो आणि पाहुण्यांना रात्री कॅन्टनला गाडी चालवत जायचे असते. गोड म्हणजे सौम्य, हा समज अगदी खोटा. गोडी जोर लपवते. जिभेवर भरवसा न ठेवता मोजावे हे बरे.

दूध डेअरीतला लॅक्टोमीटर आठवतो? हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. होमब्रूच्या दुकानात स्वस्तात मिळतो. साखरेमुळे रस पाण्याहून जड असतो, म्हणून नळी वर तरंगते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते, रस हलका होतो, नळी खाली जाते. म्हणून नोंदी दोन लागतात : एक यीस्ट घालण्यापूर्वी, दुसरी बुडबुडे थांबून दोन-तीन दिवस आकडा तोच राहिल्यावर. वजाबाकी करून १३१ ने गुणा, की झाले टक्के. नुसत्या शेवटच्या आकड्यावरून काही कळत नाही. रस नळीवर छापलेल्या तापमानाचा असावा, आणि नळी एकदा गरकन फिरवावी, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात.

सफरचंदाचा साधा रस साधारण १.०५० असतो. तो १.००० वर आला तर साडेसहा टक्के. पण "जरा कडक होऊ दे" म्हणून गॅलनला पौंडभर साखर घातली, तर सुरुवात १.०९० च्या आसपास होते आणि शेवट जवळजवळ बारा टक्क्यांवर! नंतर गोडीसाठी साखर घालणार असाल तर दुसरी नोंद त्याआधीच घ्या. गोड केल्यावर नळी पुन्हा वर येते आणि हिशेब कमी दाखवते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना उसाचा ब्रिक्स पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर आठवेल. तो ताज्या रसाला उत्तम. अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा सरळ धरता येत नाही.

बाटलीवर तारीख, दोन्ही आकडे आणि टक्के लिहून चिकटवा. इथल्या हिशेबाने बारा टक्क्यांची पाच औंस वाईन म्हणजे एक ड्रिंक. पार्टीतला बारा औंसांचा प्लास्टिकचा पेला काठोकाठ भरलात, तर पाहुण्यांच्या हातात जवळजवळ अडीच ड्रिंक गेले. मिशिगनमध्ये गाडी चालवताना रक्तातील मर्यादा ०.०८ टक्के आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्यापुढे पेला करू नका. साधा सायडर त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवा.