केकवरचे क्रीम आणि घरचा चक्का

वाढदिवसाच्या केकवर जो पांढराशुभ्र थर असतो त्याला आपण सर्रास 'क्रीम' म्हणतो. बहुतेक वेळा त्याचा दुधाशी संबंध नावापुरताच असतो. पाम फळाच्या बीपासून काढलेले व हायड्रोजन देऊन घट्ट केलेले तेल, पाणी, साखर, तेल व पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये आणि कधी दुधातील थोडे प्रथिन, एवढ्यावर तो पर्वत उभा राहतो. दुधाविना फेटता येणारे असे टॉपिंग अमेरिकेतील बफेलो शहरात १९४५ साली रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून तयार केले. आज आपल्या बडोद्यातल्या गल्लीतल्या बेकरीपर्यंत त्याचे वंशज पोहोचले आहेत. ते स्वस्त आहे, उन्हाळ्यात टिकते, त्याची गुलाबाची फुले सुबक उमटतात. बेकरीवाल्याला दोष देण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो आपल्या, म्हणजे वैद्यकीय व्यवसायातील मंडळींच्या, सल्ल्याला. हृदयरुग्णाच्या वा मधुमेह्याच्या कागदावर तळाशी 'मिठाई, केक बंद' असे लिहून आपण मोकळे होतो. रुग्णही मान डोलावतो. पुढे घरात नातवाचा वाढदिवस येतो, कार्यालयात सहकाऱ्याचा येतो, सोसायटीत शेजाऱ्यांचा येतो, आणि तो सल्ला कागदावरच राहतो. 'वर्षातून एकदा काय होते' हे वाक्य प्रत्येकजण प्रामाणिकपणे उच्चारतो. पण वर्षातून एकदा येणारे असे प्रसंग माणसाच्या वाट्याला पंचवीस-तीस येतात. अशा वेळी नुसता निषेध न करता त्याजागी काय ठेवावे हे सांगणे अधिक उपयोगाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सांगायचे तर 'हलके' या शब्दाचा अर्थ आधी आपल्याला नीट कळला पाहिजे.

फेटलेले क्रीम हलके लागते ते हवेमुळे. क्रीममधील स्निग्धांश ३० टक्क्यांहून अधिक असेल व ते पुरेसे थंड असेल, तर फेटताना स्नेहाचे कण हवेच्या बुडबुड्यांभोवती अर्धवट एकमेकांना चिकटतात आणि बुडबुडे धरून ठेवतात. आकारमान जवळपास दुप्पट होते. थोडे अधिक फेटले की तेच कण पूर्ण एकत्र येऊन लोणी सुटते. घरची साय उन्हाळ्यात फेटायला घेतली की क्रीमऐवजी लोण्याचा गोळा का हाती येतो, हे प्रत्येक गृहिणीला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या खोक्यातील क्रीमची गत उलटी. ते कितीही फेटले तरी ताठ उभे राहत नाही.

म्हणजे जिभेला जे हलके वाटते ते रक्तवाहिन्यांना हलके असेलच असे नाही. शिवाय हिशेब वजनावर करायचा की चमच्यावर, यावरही उत्तर बदलते. ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम फेटून दुप्पट झाले, तर १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम स्निग्धांश येतो. बेकरीतील टॉपिंग तिप्पट किंवा त्याहूनही अधिक फुगते. त्यामुळे चमच्यामागे त्यातील स्निग्धांश क्रीमपेक्षा कमीच भरेल. हे मान्य केले पाहिजे. ट्रान्स फॅटचा जुना आरोपही आता सरसकट करता येत नाही. मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये ट्रान्स मेदाम्लांमुळे एलडीएल वाढते व एचडीएल घटते हे दाखवून दिले; पुढे डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर मर्यादा घातली; आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के ही कमाल मर्यादा लागू केली. मात्र पूर्ण हायड्रोजनीकरण केलेल्या तेलात ट्रान्स फॅट नाममात्र राहिले तरी संपृक्त मेद भरपूर उरतो. पाम बीच्या मूळ तेलातच तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो, दुधाच्या स्निग्धांशात सुमारे ६५ टक्के. त्यातच साखर आधीपासून मिसळलेली, आणि माल स्वस्त म्हणून थर बोटभर जाडीचा. खाणारा चमचे मोजत नाही. सुट्या केकच्या खोक्यावर घटकांची यादीही क्वचितच असते, तेव्हा आपण काय खातो हे रुग्णाला कळण्याचा मार्गच नाही.

आता पर्याय. तो शोधायला दूर जाण्याची गरज नाही. बडोद्यातील मराठी घरात श्रीखंड आणि शेजारच्या गुजराती घरात मठो, दोहोंच्या मुळाशी चक्काच आहे. इथल्या दूध संघाने तर यंत्राने चक्का काढून श्रीखंडाचे मोठे उत्पादन केले. दाट, गुळगुळीत, किंचित आंबट असा हा पदार्थ फळांवर किंवा साध्या केकवर घालण्यास सर्वथा योग्य आहे. पण इथेही आंधळा स्वदेशाभिमान उपयोगाचा नाही. म्हशीच्या ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधाचे दही टांगले, तर एक लिटरमागे ६० ग्रॅम स्नेह सुमारे ४०० ग्रॅम चक्क्यात एकवटतो, म्हणजे १५ टक्के. चक्क्यात हवा फारशी शिरत नाही, म्हणून एक चमचा म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम. त्यात सव्वादोन ग्रॅम स्निग्धांश. फेटलेल्या क्रीमच्या जवळपास तितकाच! 'घरचे आहे, दह्याचे आहे' म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. टोन्ड दुधाचा चक्का सुमारे १० टक्क्यांचा, म्हणजे चमच्यामागे दीड ग्रॅम. डबल टोन्ड दुधाचा, ज्यात मुळात दीड टक्काच स्नेह असतो, सुमारे ५ टक्क्यांचा, म्हणजे चमच्यामागे पाऊण ग्रॅम. खरा फरक इथे पडतो.

कृती सोपी आहे. एक लिटर डबल टोन्ड दूध उकळून कोमट करावे, त्यात दोन मोठे चमचे दुधाची भुकटी गुठळी न होता मिसळावी आणि विरजण लावावे. दही लागले की मलमलीच्या दुहेरी फडक्यात बांधून तासभर टांगावे. नंतर गाठोडे चाळणीत ठेवून, खाली पातेले लावून, रात्रभर शीतकपाटात ठेवावे. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत ते बाहेर टांगलेलेच ठेवले तर चक्का आंबतो, आणि आंबटपणा झाकण्यासाठी साखर वाढते. सकाळी पाव किलोच्या थोडा वर चक्का मिळतो. तो बारीक चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढावा, २५ ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची अथवा व्हॅनिला घालून थंड भांड्यात पाच मिनिटे फेटावा. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालण्याची आपली रीत; त्या हिशेबाने श्रीखंडाच्या चमच्यात साखर सुमारे सात ग्रॅम, या टॉपिंगच्या चमच्यात सव्वा ग्रॅम. सुरुवातीला हे फिके वाटेल. पण खाली हापूस, पपई किंवा चिकू असेल तर वरून गोडी वाढविण्याचे प्रयोजन काय? मधुमेह्याच्या बाबतीत त्या फळातील साखरही मोजायची आहेच.

साखरेऐवजी कृत्रिम गोडी घालावी का, असे रुग्ण हमखास विचारतात. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशी द्रव्ये वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचविले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही. माझ्या मते इतक्या थोड्या साखरेसाठी हा खटाटोप अनावश्यक आहे. अंड्याचा पांढरा बलक फेटून स्नेहविरहित फेस करता येतो. तथापि कच्चा बलक वृद्ध, गर्भवती व लहान मुले यांना देऊ नये, साल्मोनेलाचा धोका आपणा सर्वांस ठाऊक आहे. काबुली चणे शिजवल्यावर उरणारे दाट पाणीही बलकासारखे फेसाळते. दूध पूर्ण वर्ज्य असलेल्यांना ते चालेल, पण त्याला ताठ ठेवायला साखर बरीच लागते. दुधातील शर्करा न पचणाऱ्यांना मात्र चक्का बहुधा सोसतो, कारण त्यातील बरीचशी पाण्याबरोबर निथळून जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना प्रथिने व फॉस्फरस यांचे माप त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, त्यातच हे मोजावे.

या टॉपिंगचे दोषही सांगतो. त्याची फुले काढता येत नाहीत. फार तर रुंद तोंडाच्या नळीतून जाडसर रेघ उमटते. केकवर दोन तास राहिले तर पाणी सुटते, म्हणून ते वाढण्याच्या वेळीच घालावे. ज्यांना फुगीरपणा हवाच आहे त्यांनी ५० मिलिलिटर खरे व्हिपिंग क्रीम वेगळे फेटून हलक्या हाताने त्यात मिसळावे. स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे टोन्ड दुधाच्या चक्क्याहून किंचित कमीच, आणि तोंडाला क्रीमची चव राहते. साठीच्या पुढच्या कुटुंबप्रमुखाला नव्या वळणावर आणायचे तर मला हा मधला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मधुमेह आणि हृदयविकार या विषयांवर व्याख्यान होते आणि त्यानंतरच्या अल्पोपाहारात बेकरीची पेस्ट्री असते. श्रोत्यांत आपलेच रुग्ण असतात, आणि त्यांची नजर व्याख्यात्याच्या ताटलीकडे असते. येत्या स्नेहसंमेलनात पेस्ट्रीऐवजी फळांच्या फोडी व त्यावर डबल टोन्ड दुधाचा चक्का ठेवावा, अशी कार्यकारिणीस सूचना करतो. शंभर माणसांना दोन-दोन चमचे धरले तर सुमारे तीन किलो चक्का, म्हणजे अकरा-बारा लिटर दूध लागेल; चार-पाच घरांनी आदल्या रात्री वाटून घेतले तर कोणा एकावर भार पडणार नाही. निथळलेले पाणी टाकू नये, त्यात कणीक मळावी किंवा कढी करावी.